अनिश्चित आकड्यांचे अंकगणित: हिस्टोग्रामचा गुणाकार आणि माँटे कार्लो यांची उत्तरे का जुळत नाहीत?

पाझरमापक (प्रश्न)

धरणाच्या पायथ्याशी जमणारे पाझराचे पाणी ९० अंशांच्या व्ही-नॉचवरून, म्हणजे पट्टीत कापलेल्या व्ही आकाराच्या खाचेवरून, मोजले जाते. त्या नोंदींवरून विसर्ग काढणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहीत आहे. रुळलेल्या पद्धतीत नॉचवरील पाण्याची उंची सूत्रात घालायची आणि येणारा एकच आकडा रजिस्टरात उतरवायचा, एवढेच काम असते. मला त्या आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही हवी आहे, कारण पाझर ठरावीक मर्यादेच्या वर गेला की वर कळवावे लागते आणि मर्यादेच्या आगेमागे घोटाळणाऱ्या आकड्याचे काय करायचे हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो.

सूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. विसर्ग = ८/१५ × क × √(२ग) × उंचीचा २.५ वा घात. यात क म्हणजे विसर्ग-गुणांक आणि ग म्हणजे गुरुत्वीय त्वरण. उंचीची सरासरी १२० मिमी व प्रमाण विचलन २ मिमी, तर गुणांकाची सरासरी ०.५८ व प्रमाण विचलन ०.०१ असे धरले आहे. दोन्ही वितरणे नॉर्मल मानली आहेत.

मी एक क्लास लिहिला. त्यात प्रत्येक राशी म्हणजे १०० खणांचा हिस्टोग्राम असतो (प्रत्येक खणात किंमत त्या टप्प्यात असण्याची संभाव्यता) आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, वर्गमूळ या क्रिया त्या हिस्टोग्रामवरच चालतात. गुणाकार करताना पहिल्या हिस्टोग्रामच्या प्रत्येक खणाची दुसऱ्याच्या प्रत्येक खणाशी जोडी लावली जाते, दोन संभाव्यतांचा गुणाकार केला जातो आणि तो योग्य त्या नव्या खणात टाकला जातो. क्लासमध्ये घाताची सोय नसल्यामुळे २.५ वा घात मी उंची × उंची × √उंची असा लिहिला आहे.

या क्लासनुसार विसर्गाची सरासरी ६.८३ लिटर प्रतिसेकंद येते आणि प्रमाण विचलन ०.२१ येते. पडताळा म्हणून तेच सूत्र एक लाख यादृच्छिक नमुन्यांवर, म्हणजे माँटे कार्लो पद्धतीने, चालवले, तेव्हा सरासरी तीच आली, परंतु विचलन ०.३१ आले. खणांची संख्या १०० वरून १००० केली तरी क्लासचे उत्तर ०.२१ वरच अडले आहे, आणि सीड (यादृच्छिक आकडे ज्यावरून सुरू होतात तो अंक) बदलून पाहिले तरी माँटे कार्लोचे ०.३१ हलत नाही. यांपैकी कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा, आणि दुसऱ्यात नेमके काय बिघडले आहे?

दशांशचिन्ह

माँटे कार्लोचे उत्तर बरोबर आहे. एक लाख नमुन्यांवरून काढलेल्या प्रमाण विचलनात सापेक्ष चूक साधारणपणे १ भागिले √(२ × १,००,०००), म्हणजे सुमारे ०.२ टक्के असते, तेव्हा दोन उत्तरांतील एवढी मोठी तफावत नमुन्यांच्या लहरीमुळे पडणे शक्य नाही. खण दहापट करूनही आकडा हलला नाही, म्हणजे दोष खणांच्या रुंदीतही नाही.

दोष तुमच्या गुणाकाराच्या व्याख्येत आहे. प्रत्येक खणाची प्रत्येक खणाशी जोडी लावून संभाव्यतांचा गुणाकार करणे ही क्रिया त्या दोन राशी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच वैध ठरते. उंची × उंची या पदात दोन्ही बाजूंना एकच राशी आहे. तुमचा प्रोग्रॅम तिथे ११८ मिमीच्या खणाची १२३ मिमीच्या खणाशी जोडी लावतो आणि तिला संभाव्यताही देतो. प्रत्यक्षात पाणी एकाच वेळी ११८ आणि १२३ मिमी उंच असू शकत नाही, म्हणून त्या जोडीची संभाव्यता शून्य असायला हवी. एकच फासा टाकून आलेले दान दुप्पट करणे आणि दोन फासे टाकून दानांची बेरीज करणे यांतील फरक तो हाच. दोन्हींची सरासरी ७ येते, परंतु पहिल्यात २ आणि १२ ही टोके दुसऱ्याच्या सहापट वेळा येतात.

तुमचे ०.२१ कुठून आले हे कागदावरही काढता येते. उंचीची सापेक्ष अनिश्चितता २ भागिले १२०, म्हणजे १.६७ टक्के आहे. उंची, उंची आणि √उंची हे तीन घटक स्वतंत्र मानले, तर त्यांच्या सापेक्ष विचलनांच्या वर्गांची बेरीज होते. १ चा वर्ग, १ चा वर्ग आणि अर्ध्याचा वर्ग मिळून २.२५, आणि त्याचे वर्गमूळ १.५. म्हणजे तुमच्या क्लासच्या लेखी उंचीमुळे येणारी अनिश्चितता १.६७ च्या दीडपट, २.५ टक्के आहे. वस्तुतः तिन्ही घटक एकाच दिशेने एकत्र हलतात, म्हणून गुणक १ + १ + ०.५ = २.५ हा असतो आणि अनिश्चितता ४.१७ टक्के होते. गुणांकाची १.७२ टक्के अनिश्चितता खरोखरच स्वतंत्र असल्यामुळे ती वर्गांच्या बेरजेने जोडली, की एका बाजूला ३.०४ टक्के आणि दुसऱ्या बाजूला ४.५१ टक्के येतात. ६.८३ चे हे टक्के घेतले की तुमचे ०.२१ आणि ०.३१ हे दोन्ही आकडे हुबेहूब मिळतात.

यापुढे असा क्लास तपासायचा असेल, तर सर्वांत आधी राशीतून तीच राशी वजा करून पाहावी. उत्तर ठणठणीत शून्य यायला हवे. तुमच्या क्लासमध्ये सरासरी शून्य येईल, परंतु विचलन २.८३ मिमी येईल, आणि तेवढ्यावरूनच रोग ओळखता येईल.

आजच्या पुरता उपाय सोपा आहे. क्लासमध्ये घाताची क्रिया घाला आणि सूत्र असे लिहा की प्रत्येक अनिश्चित राशी त्यात एकदाच येईल. मूळ राशी परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि सूत्रात प्रत्येकीचा उल्लेख एकदाच असेल, तर खणांच्या जोड्या लावण्याची तुमची पद्धत अचूक आहे. अडचण अशी की बहुतेक सूत्रे अशी लिहिता येत नाहीत.

अंतराळी

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. हा रोग जुना आहे. रॅमन मूर यांनी १९६६ च्या पुस्तकात अंतरालांचे अंकगणित मांडले, त्यात प्रत्येक राशी म्हणजे खालची व वरची मर्यादा असते, आणि तिथेही ११६ ते १२४ या अंतरालातून तोच अंतराल वजा केला की शून्याऐवजी उणे ८ ते अधिक ८ हे उत्तर येते. फरक एवढाच की अंतरालाचे उत्तर फुगले तरी खरी किंमत त्याच्या आत असते. राशी स्वतंत्र आहेत असे निमूटपणे गृहीत धरणाऱ्या वितरणांच्या अंकगणितात ही हमी नाही: ते कधी फुगलेले उत्तर देते, कधी आक्रसलेले, आणि पाहणाऱ्याला दोन्हींत फरक करता येत नाही. माझ्या मते आक्रसलेली अनिश्चितता ही अनिश्चितता न लिहिण्यापेक्षाही वाईट, कारण ती वाचणाऱ्याला खोटा धीर देते.

नमुनेकार

प्रश्नकर्त्यांच्या प्रोग्रॅमसाठी रचनाच बदलावी असे मी सुचवतो, कारण घाताची क्रिया घालून हे सूत्र सुटले तरी पुढचे सूत्र अडेल. राशीचे वितरण कशा रूपात साठवायचे, यावर लोक बराच खल करतात. हिस्टोग्राम असावा, की नॉर्मलचे दोन आकडे, की आणखी काही. परंतु राशी कोणत्या मूळ स्रोतांपासून उपजली याची नोंद ठेवली नाही, तर यांपैकी कोणतेही रूप उपयोगी पडत नाही. ही नोंद ठेवण्याचे दोन व्यवहार्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक राशी समान लांबीच्या नमुन्यांच्या यादीने दाखवणे. यादीतील ५२७ वा नमुना सर्व राशींमध्ये एकाच कल्पित परिस्थितीचा असतो, आणि म्हणून गुणाकार करताना ५२७ व्या नमुन्याचा ५२७ व्याशीच गुणाकार होतो, इतर कोणाशी नाही. राशीतून तीच राशी वजा केली की प्रत्येक स्थानी शून्य येते, वेगळे काही करावे लागत नाही. पायथनमधील नमपाय ही अंकांच्या याद्यांची लायब्ररी वापरत असाल तर हा क्लास जवळपास आयताच तयार आहे, आणि ज्युलिया भाषेतील माँटेकार्लोमेझरमेंट्स हे पॅकेज याच तत्त्वावर चालते. किंमत मोजावी लागते ती स्मृतीची आणि वेळेची. एक लाख नमुन्यांची एक राशी आठ बाइटच्या अंकांत ८ लाख बाइट खाते, आणि अचूकता एका दशांश स्थानाने वाढवायची तर नमुने शंभरपट करावे लागतात. मापनातील अनिश्चिततेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची २००८ ची पुरवणी माँटे कार्लोसाठी साधारण दहा लाख नमुने सुचवते, आणि टेबलावरच्या संगणकाला तेवढे सहज झेपतात. नॉचजवळ बसवलेल्या छोट्या डेटा लॉगरला ते झेपणार नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे राशीबरोबर तिची सरासरी आणि प्रत्येक मूळ स्रोताच्या संदर्भातील तिचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे तो स्रोत किंचित बदलला की राशी किती बदलते तो दर, साठवणे. बेरीज-गुणाकार करताना डेरिव्हेटिव्ह नेहमीच्या नियमांनी पुढे सरकतात, आणि विचलन अगदी शेवटी, मूळ स्रोतांपर्यंत मागे जाऊन काढले जाते. पायथनमधील अनसर्टन्टीज हे पॅकेज हेच करते. त्यात तुमचे उंची × उंची × √उंची हे पद जसेच्या तसे लिहिले तरी ०.३१ च येईल. हा मार्ग स्वस्त आहे, परंतु तो वक्र रेषेच्या जागी तिची स्पर्शरेषा धरतो, त्यामुळे अनिश्चितता राशीच्या मानाने लहान असेल तोवरच चालतो. १२० मिमी उंचीवर वक्रतेमुळे सरासरीत पडणारा फरक सुमारे ०.०५ टक्के आहे, तो सोडून द्यावा. उंची १० मिमी आणि विचलन तेच २ मिमी असेल, तर विसर्गाची खरी सरासरी स्पर्शरेषेने सांगितलेल्या आकड्यापेक्षा सुमारे ७.५ टक्के जास्त येते. अर्थात इतक्या कमी उंचीवर पाण्याची धार पट्टीला चिकटून वाहू लागते आणि सूत्रच लागू राहत नाही, त्यामुळे तिथे अंकगणिताची चिंता करण्यात अर्थ नाही. भागाकारात मात्र सांभाळून राहावे. छेदाचे वितरण शून्यावर पसरले असेल तर स्पर्शरेषेची पद्धत एक सभ्य दिसणारा आकडा देऊन मोकळी होते. शून्य सरासरीच्या दोन स्वतंत्र नॉर्मल राशींचा भागाकार कॉशी वितरण देतो, ज्याला सरासरी अस्तित्वातच नसते.

सुरुवात नमुन्यांच्या यादीने करावी, असे मी सुचवेन. उत्तरे पटली आणि प्रोग्रॅम लॉगरवर न्यायची वेळ आली, की डेरिव्हेटिव्हच्या पद्धतीकडे वळावे आणि तिचा पडताळा यादीशी घ्यावा.

पाझरमापक

तिघांचेही आभार. वजाबाकीची कसोटी लावली. विचलन खरोखरच २.८३ आले. नमुन्यांच्या यादीवर आधारलेला नवा क्लास आता ०.३१ देतो.

यातून दोन प्रश्न उरतात. एका ओळीत चार नॉच आहेत आणि एकूण पाझर म्हणजे त्यांची बेरीज. समजा चारही ठिकाणी उंची १२० मिमीच आहे, तर एकूण अनिश्चितता प्रत्येकीच्या दुप्पट धरावी, कारण √४ = २, की चौपट? दुसरा प्रश्न मर्यादेचा: प्रोग्रॅममध्ये "विसर्ग ७ पेक्षा जास्त असेल तर" अशी अट आहे, आणि विसर्ग हे आता वितरण असल्यामुळे त्या अटीचा अर्थ काय लावायचा हे कळत नाही.

दशांशचिन्ह

दुप्पट की चौपट, हे वितरणांकडे पाहून ठरत नाही. चुका कुठून येतात हे पाहून ठरते. चारही पट्ट्या एकाच साच्यातून कापलेल्या असतील आणि गुणांक एकाच पुस्तकातून घेतलेला असेल, तर गुणांकातील चूक चौघींना सामाईक आहे आणि ती बेरजेत सरळ जोडली जाते. उंचीचे वाचन प्रत्येक ठिकाणी वेगळे घेतले असेल, तर त्या चुका वर्गांच्या बेरजेने जोडल्या जातात. एकूण विसर्ग २७.३४ लिटर प्रतिसेकंद. गुणांकाचा वाटा त्याच्या १.७२ टक्के, म्हणजे ०.४७, उंचीचा वाटा ०.२८५ ची दुप्पट, म्हणजे ०.५७, दोन्ही मिळून ०.७४. सारे स्वतंत्र मानले असते तर ०.६२ आले असते. चुकांचा परस्परसंबंध काहीही असला तरी विचलन चार विचलनांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे १.२३ पेक्षा, जास्त होऊ शकत नाही. संबंधाविषयी काहीच माहिती नसेल तर हाच आकडा लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे.

केवळ विचलनच नव्हे, तर संपूर्ण वितरणासाठीही अशा सीमा काढता येतात. ० ते १ मध्ये समान पसरलेल्या दोन राशी घ्या. त्या स्वतंत्र असतील तर बेरजेचा आलेख त्रिकोणी येतो, दोन्ही एकच असतील तर बेरीज ० ते २ मध्ये समान पसरते, आणि एक वाढली की दुसरी तेवढीच घटत असेल तर बेरीज नेहमी नेमकी १ येते. घटक वितरणे तिन्ही वेळा तीच आहेत. संबंध माहीत नसताना बेरजेच्या वितरणावर घट्ट सीमा कोणत्या, हा प्रश्न कोल्मोगोरोव्ह यांनी विचारला होता. त्याचे उत्तर मकारोव्ह यांनी १९८१ साली दिले, आणि विल्यमसन व डाउन्स यांनी १९९० साली त्यावरून संगणकावर चालणारे अंकगणित उभे केले. त्यात प्रत्येक राशीला एका आलेखाऐवजी खालचा आणि वरचा असे दोन आलेख असतात आणि खरे वितरण त्यांच्या मधे कुठेतरी असते.

तुमच्या बाबतीत मला गुणांकापेक्षा शून्य-वाचनाची काळजी जास्त वाटते. उंची म्हणजे पाण्याच्या पातळीचे वाचन वजा नॉचच्या टोकाचे शून्य-वाचन, आणि ते शून्य पट्टी बसवताना एकदाच ठरवलेले असते. समजा २ मिमीपैकी १.६ मिमी शून्याची चूक आहे आणि १.२ मिमी रोजच्या वाचनाची. वर्गांची बेरीज ४ येते, म्हणजे हिशेब जुळतो. आता ३० दिवसांच्या वाचनांची सरासरी काढली, तर रोजची चूक ०.२२ मिमीपर्यंत खाली येते, परंतु शून्याची चूक १.६ वरच राहते. एकूण १.६१ मिमी. सर्व वाचने स्वतंत्र धरणारा क्लास मात्र ०.३७ मिमी सांगेल आणि महिन्याचा अहवाल वाचणाऱ्याला मोजणी फार नेमकी वाटेल. उलट, आजच्या आणि कालच्या उंचीतील फरक काढला तर शून्याची चूक कटून जाते आणि अनिश्चितता १.७ मिमी उरते, तर तोच क्लास २.८३ मिमी दाखवेल. पाझर वाढतो आहे की नाही हे फरकावरूनच कळत असल्यामुळे ही अचूकता वाया घालवू नये. नव्या क्लासमध्ये शून्य-वाचनाची यादी एकदाच तयार करा आणि सर्व दिवसांना तीच वापरा. उंचीचे नमुने दररोज नव्याने काढले, तर रचना बदलूनही जुना रोग कायम राहील.

नमुनेकार

मर्यादेच्या अटीविषयी. विसर्ग हे वितरण असेल, तर "विसर्ग ७ पेक्षा जास्त" याचे उत्तर हो किंवा नाही असे नसून एक संभाव्यता असते, आणि तुमच्या यादीत ती ७ पेक्षा मोठ्या नमुन्यांचे प्रमाण मोजून मिळते. एका नॉचसाठी ०.३१ च्या विचलनाने ती सुमारे ३० टक्के येईल. जुन्या क्लासच्या ०.२१ ने ती सुमारे २१ टक्के आली असती. "संभाव्यता २५ टक्क्यांच्या वर गेली की कळवावे" असा नियम असता, तर एकाच दिवसाच्या एकाच वाचनावरून दोन क्लासनी विरुद्ध निर्णय दिले असते. कितव्या टक्क्याला कळवायचे हे मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवू नये; खोट्या इशाऱ्याची किंमत आणि चुकलेल्या इशाऱ्याची किंमत ज्यांना मोजावी लागते, त्यांच्याकडून तो आकडा लेखी घ्यावा.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली "अनसर्टन" नावाचा एक डेटा प्रकार मांडला, त्यात हेच केले आहे. तुलना केली की संभाव्यता मिळते, आणि अट लिहिताना किती खात्री हवी हे सांगता येते. त्यांचे प्रमुख उदाहरण जीपीएसवरून चालण्याचा वेग काढण्याचे होते, जिथे स्थानातील काही मीटरच्या चुकीमुळे पायी चालणारा माणूस मोटारीच्या वेगाने धावताना दिसू शकतो. त्या प्रकारात क्रिया ताबडतोब केल्या जात नाहीत. कोणती राशी कोणापासून आली याचा आलेख मनाशी ठेवून नमुने गरजेपुरतेच काढले जातात, त्यामुळे सामाईक स्रोत आपोआप सामाईक राहतो.

लॉगरचा विषय वर निघाला म्हणून सांगतो, हे काम हार्डवेअरमध्ये नेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. केंब्रिज विद्यापीठातील गटाने २०२१ साली लाप्लास या नावाची रचना एका आरआयएससी-फाइव्ह प्रोसेसरवर उभी करून दाखवली. तीत प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमधील आकड्यासोबत त्याच्या वितरणाचे संक्षिप्त रूपही चालते आणि बेरीज-गुणाकाराच्या सूचना दोन्हींवर एकदमच लागू होतात. कल्पना मला आवडते. परंतु चार नॉच आणि दिवसाला एक वाचन एवढ्यासाठी तुमचा जुना लॅपटॉप पुरेसा आहे. नव्या क्लासला पंधरा दिवस रजिस्टरशेजारी चालू ठेवा आणि शून्य-वाचन एकदा पुन्हा घेऊन १.६ मिमी हा अंदाज खरा आहे का ते पाहा.